एक बास, दोन हात: तारांची उंची ठरवताना

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका घरात बास गिटार एकच आणि वाजवणारे दोघे. काका ऑर्केस्ट्रात वाजवतात: लग्नाच्या वराती संपल्यानंतरचे कार्यक्रम, यात्रा-जत्रा, गणपतीतली मंडळं. पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या बँडमध्ये. त्याने काकांना न विचारता एलन की घेतली आणि चारही सॅडल, म्हणजे खालच्या टोकाच्या ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे, खाली उतरवली. व्हिडिओत बघितलेल्या वादकांच्या तारा नेकला, म्हणजे लांब दांडीला, चिकटल्यासारख्या दिसतात आणि बोटं नुसती सरकतात, तसंच त्याला हवं होतं. महिना-दीड महिना बरा गेला. मग पाऊस लागला. श्रावणातल्या एका कार्यक्रमात काकांनी सगळ्यात जाड ई तारेवर हात टाकला तेव्हा ॲम्पमधून सुराबरोबर पत्रा वाजायला लागला.

बास माझ्याकडे दुरुस्तीला आला तो या भांडणासकट.

काकांचं म्हणणं, "ह्यानं सगळं खाली दाबून ठेवलंय. होतं तसं वर करून द्या, विषय संपला." पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्या उंचीवर एफ दाबताना माझं मनगट भरून येतं. वर केलं तर मी वाजवूच शकत नाही." दोघंही सॅडलच्या स्क्रूबद्दलच बोलत होते. एकाला तो वर हवा होता, दुसऱ्याला खाली. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं. ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, म्हटलं की ब्रिज आठवतो, कारण फिरवता येणारे स्क्रू तिथे डोळ्यांसमोर असतात.

खरं तर तारेची उंची तीन ठिकाणी ठरते: नटची (डोक्याकडे तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीची) खाच, नेकचं वळण आणि सॅडल. तिन्हींचा परिणाम बोटाला वेगवेगळ्या जागी जाणवतो. पहिल्या दोन-तीन फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या कांड्यांवर) जोर लागत असेल तर बहुधा नट. पाचव्या ते नवव्या फ्रेटच्या पट्ट्यात तार लांब वाटत असेल तर नेकचा बाक, म्हणजे रिलीफ. बाराव्याच्या वर चढल्यावर अवघड होत असेल तर सॅडल. पुतण्याची तक्रार पहिल्या फ्रेटवरच्या एफची होती आणि औषध त्याने दुसऱ्या टोकाला लावलं होतं. सॅडल उतरवल्याने पहिल्या फ्रेटवर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पण हे मोजण्याआधी बोललो असतो तर दोघांपैकी कोणीच ऐकलं नसतं.

मोजमाप

वाद्य जॅझ बासच्या घाटाचं: वीस फ्रेट, ३४ इंची स्केल म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत साधारण ८६४ मिमी, मेपलची नेक, वर रोझवूडची पट्टी, पट्टीची गोलाई साडेनऊ इंच त्रिज्येची. तारा गोल वळणाच्या, ४५ ते १०५ (इंचाचे हजारांश) जाडीच्या. आधी सूर लावला. बास वाजवताना धरतात तसा उभा धरून मोजला. टेबलावर पाठीवर ठेवला की नेकच्या स्वतःच्या वजनाने माप थोडं बदलतं, आणि बासची नेक लांब असल्याने गिटारपेक्षा जास्त बदलतं.

सतराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत, ई तार १.६ मिमी आणि सगळ्यात बारीक जी तार १.४ मिमी. फेंडर कंपनी या गोलाईच्या बाससाठी सतराव्या फ्रेटवर जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिमी सांगते, तेही सुरुवातीचं माप म्हणून. म्हणजे पोराने बरंच खाली आणलं होतं.

पूर्वी किती होतं? काका म्हणाले, "हाताला बरं होतं तेवढं." याचं उत्तर सॅडलच्या स्क्रूनेच दिलं. पूर्वी स्क्रूची डोकी सॅडलच्या माथ्याशी सपाट होती, आता सुमारे दोन मिमी वर आली होती. वर आलेला भाग चकचकीत होता, बाकीच्यावर घामाचा आणि दमट हवेचा गंज. गाणं तोडताना काका तळवा ब्रिजवर टाकून तारा गप्प करतात, त्या तळव्यावर ओरखडे का उठतात हेही त्यातून कळलं. सॅडल दोन मिमी उतरलं तर सतराव्या फ्रेटवर तार किती उतरते, हा साधा त्रैराशिकाचा हिशोब आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्याने तिथे सॅडलच्या निम्मा फरक पडतो. सतरावा फ्रेट नटपासून सुमारे साडेबासष्ट टक्क्यांवर येतो, म्हणून तिथे दोन मिमीचे सव्वा मिमी. १.६ मध्ये सव्वा मिळवला की काकांची जुनी उंची निघते, जवळपास २.८५ मिमी. ती नियमापेक्षा जास्त असली तरी चुकीची नव्हे. त्या उंचीवर त्यांनी वर्षानुवर्षं कार्यक्रम केले आहेत.

मग नेक. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबली आणि आठव्या फ्रेटवर फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, घातला. तारेला तिथे ०.३ मिमीच्या आसपास फट असावी. ०.०५ ची पातळ पाती कशीबशी गेली. नेक जवळपास सरळ सपाट होती. गेज मी उद्यमनगरातून आणलेला आहे, इंजिनाचे टॅपेट बसवायला वापरतात तोच. गिटारच्या दुकानातून वेगळा मागवायची गरज नाही.

सपाट नेकवर पहिल्या चार-पाच फ्रेटमध्ये तार फडफडते, कारण हलायला लागणारी जागाच तिच्या पोटाखाली उरत नाही. काकांना पत्रा ऐकू येत होता तो नेमका तिथे, जी आणि ए या सुरांच्या आसपास, ई तारेच्या तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर.

पावसाचा संबंध इथे येतो. या नेकची मेपलची पाठ पॉलिशने बंद आहे, समोरची रोझवूडची पट्टी मात्र उघडी. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये कपडे तीन दिवस वाळत नाहीत, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला लागली का हे लोक सकाळी चहाबरोबर बघतात. अशा हवेत पलंगाखालच्या पिशवीत पडलेल्या बासची उघडी पट्टी ओल पिते, फुगते आणि नेकला मागे रेटते. उन्हाळ्यात होता तो थोडासा बाक पावसाने काढून घेतला. प्रत्येक नेक अशीच वागेल असं नाही. लाकडाचा काप, पॉलिश, ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईचा) प्रकार, सगळ्यावर ते अवलंबून असतं. म्हणून पावसाळ्यात ॲक्शन वर जाते की खाली, या प्रश्नाला माझ्याकडे गेज घालून बघण्याखेरीज दुसरं उत्तर नाही.

पुतण्याने सॅडल उतरवली तेव्हा बाक शिल्लक होता, म्हणून महिनाभर चाललं. त्याच्या चुकीइतकाच हवेचाही हात होता. हे सांगितल्यावर घरातला अर्धा वाद तिथेच निवला.

शेवटी नट. ई तार आणि पहिला फ्रेट यांतलं अंतर १ मिमी, जी तारेवर ०.८. बासवर हे अर्ध्या मिमीच्या आसपास असलं तरी पुष्कळ. कारखान्यातून येणाऱ्या मध्यम किमतीच्या वाद्यांत नटच्या खाचा उंच ठेवलेल्या बऱ्याचदा दिसतात. उंच खाच पुढे घासता येते, खोल गेलेली भरून काढणं कटकटीचं. ट्यूनर लावून एफ दाबला तर सूर चढा दाखवत होता, कारण उंच तार खाली दाबताना ती ताणली जाते. मनगट भरून येण्याचं कारण हे होतं आणि ते काकांच्या उंचीत नव्हतंच. काकांना एफचा त्रास कधी जाणवला नाही, कारण त्यांची बोटं तयार आहेत.

आधी काय केलं

क्रम महत्त्वाचा आहे: नेक, मग नट, मग सॅडल. उलट केलं तर प्रत्येक पायरी आधीची मोडते.

ट्रस रॉड पाव फेरा सैल केला आणि बास सूर लावून रात्रभर ठेवला. चार तारांचा मिळून सुमारे ८० किलोचा ताण नेकला पुढे ओढतच असतो, रॉड फक्त त्याला विरोध करतो. रॉड सैल केला की ताण जिंकतो आणि बाक परत येतो. दुसऱ्या दिवशी आठव्या फ्रेटवर ०.३ ची पाती सहज गेली. ई तार सतराव्यावर १.७ झाली. ॲक्शन कमी करायची म्हणून रॉड आवळणारे लोक मी बघतो, त्यांना माझा एकच सल्ला: रॉड नेकच्या बाकासाठी आहे, तारेच्या उंचीसाठी नाही. उंचीत पडतो तो फरक जाता जाता पडतो.

नटच्या खाचा ई तारेला आधी पाऊण आणि मग अर्ध्या मिमीपर्यंत आणल्या. तारेच्या जाडीपेक्षा किंचित मोठी गोल कानस, उतार डोक्याकडे, दर दोन-चार घाशींनंतर तार बसवून माप. खाच गरजेपेक्षा खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर वाजते आणि मग सुपरग्लू आणि खाण्याच्या सोड्याने खाच भरून पुन्हा घासत बसावं लागतं. नट अर्धा मिमी उतरल्याने सतराव्या फ्रेटवर तार आणखी ०.२ ने खाली आली, म्हणजे १.५.

पंधराव्या फ्रेटचं जी बाजूचं टोक उचललेलं होतं, ते दाबून बसवलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता एफ हलका झाला होता आणि सॅडलला अजून हातही लावला नव्हता. पुतण्याने वाजवून बघितलं आणि म्हणाला, "दादा, आता हेच ठेवा ना." काका कोपऱ्यात बसून होते.

उंची ठरवणं

इथपर्यंत सगळं दुरुस्तीचं काम होतं. निवड आता सुरू होते, आणि मापाच्या तक्त्यात ती सापडत नाही. तार किती उंच हवी हे तार किती हलते यावर ठरतं, आणि तार किती हलते ते उजव्या हातावर. मोकळी ई तार सेकंदाला ४१ वेळा हलते. खालच्या सुराची जाड तार सावकाश आणि रुंद झुलते, म्हणून बासला गिटारपेक्षा जागा जास्त लागते, आणि त्याच बासवर ई तारेला जी तारेपेक्षा जास्त. ब्रिजजवळ छेडली तर तार कमी झुलते, पट्टीच्या टोकाशी छेडली तर भरपूर.

दोघांचे हात शेजारी ठेवून बघितले. पुतण्या मागच्या पिकअपवर (तारांचं हलणं टिपणाऱ्या चुंबकाच्या डबीवर) अंगठा टेकवून दोन बोटांनी हलकं छेडतो, अधूनमधून स्लॅप मारतो, म्हणजे अंगठ्याने तार ठोकतो. काका पट्टीच्या टोकाशी, अंगठा हवेत, तर्जनीने तार ओढतात. ओढतात हाच शब्द. याला कारण आहे. ऑर्केस्ट्रात बाजूला ढोलकी, ऑक्टोपॅड आणि डाव्या हाताने बासच्याच पट्टीत घुसणारा कीबोर्ड. मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, बास कधीच पुरेसा नसतो, साउंडवाल्याला तो समोरच्या स्पीकरमध्ये ऐकू आला की त्याचं काम संपलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो वादक जोर लावतो. काकांना मी सुचवलं की ॲम्प मागे ठेवण्याऐवजी कानाच्या दिशेने तिरका ठेवा, हात आपोआप हलका होईल. ते "बघू" म्हणाले. अनेक वर्षांचा हात एका सल्ल्याने बदलेल असं मलाही वाटत नव्हतं.

दोन टोकांची उदाहरणं या वाद्याच्या इतिहासातच आहेत. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा वादक जेम्स जेमरसन प्रिसिजन बासवर उंच तारा, जाड सपाट वळणाच्या, ठेवून एकाच तर्जनीने वाजवायचा. जॅको पास्टोरियसने फ्रेट काढलेल्या जॅझ बासवर तारा खाली ठेवल्या. पुतण्या जॅकोचं नाव घेऊन आला होता. फ्रेट नसलेल्या पट्टीवरचं माप फ्रेट असलेल्या बासवर उतरवण्यात अर्थ नाही, एवढं त्याला सांगितलं.

बझ, म्हणजे तारेची फडफड, किती चालेल, हेही ठरवावं लागतं. इथून पन्नास किलोमीटरवर मिरजेत तंबोऱ्याची जवारी मुद्दाम काढतात, घोडीचा माथा असा घासतात की तार त्यावर टेकत-सुटत राहते आणि सूर खुलतो. बासवरची फडफड वेगळी. तार एका फ्रेटच्या कडेवर आपटते, तिथे जोर संपतो आणि सूर आखडतो. तरी ॲम्प न लावता कान जवळ नेऊन ऐकलेली बारीक खरखर मी मोजत नाही. पिकअपला ती जवळजवळ पोचत नाही. म्हणून चाचणी ॲम्पवरच घेतली, कार्यक्रमात असतो तेवढ्या आवाजात, आणि फोनवर रेकॉर्ड करून.

सॅडल अर्धा-अर्धा फेरा वर. या ब्रिजचे स्क्रू तीन मिमी जाडीचे, अर्धा मिमी पिचचे, त्यामुळे अर्ध्या फेऱ्याला सॅडल पाव मिमी चढतं आणि सतराव्या फ्रेटवर तार सुमारे ०.१५ मिमी. प्रत्येक टप्प्यावर दोघांनी तेच वाजवलं: ई तारेवर तिसरा, पाचवा, सातवा फ्रेट, मग ज्याचं त्याचं गाणं.

१.८ वर पुतण्याचं वाजवणं रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ आलं. तो खूश. मग मी विचारलं, "बँडमध्ये ई तार खाली उतरवतोस का?" उतरवतो म्हणाला, दोन गाण्यांत डीपर्यंत. "उतरव आणि वाजव." सूर ४१ वरून जवळपास ३७ हर्ट्झवर गेला की तारेतला ताण पाचव्या हिश्श्याने घटतो, कारण ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सैल तार झुलते जास्त. १.८ वर खालचा डी पत्र्यासारखा वाजला, त्याच्याच हाताने. स्वच्छ व्हायला २.१ च्या पुढे जावं लागलं. खाली तारा हव्यात आणि सूरही खाली हवा, या दोन हट्टांपैकी एक सोडावा लागतो.

त्याने लगेच तोडगा काढला, बारीक तारा लावू, ४० ते १००. बोटाला मऊ लागतील, खरं आहे. पण मऊ म्हणजे ताण कमी, आणि ताण कमी म्हणजे झोका मोठा. मऊपणासाठी बारीक तार घेतली की तिला जागा जास्त द्यावी लागते. हे ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला.

काकांच्या ओढीला २.३ वर तार मोकळी झाली. २.८५ लागलंच नाही. जुनी उंची इतकी का लागत होती, याचा माझा अंदाज असा की जुन्या सेटिंगमध्येही पावसाळ्यात नेक सपाट होत असणार आणि ती कसर त्यांनी एकेका मोसमात सॅडल चढवून भरून काढली असणार. बाक जागेवर असेल तर अर्धा मिमी सहज वाचतो. काकांनी हे ना मान्य केलं, ना नाकारलं. तेच गाणं पुन्हा वाजवलं, मग आणखी जोरात वाजवलं, आणि म्हणाले, "चालतंय की."

ई २.३ वर थांबलो. १.५ पासून सॅडल सव्वा मिमी वर, म्हणजे अडीच फेरे. ए २.१, डी २, जी १.८. साडेनऊ इंची गोलाईची पट्टी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापून तारांच्या माथ्यावर धरली आणि मधल्या तारा त्या गोलाईशी जुळवल्या. जी तार आणखी खाली नेता आली असती, काका तिच्यावर फारसे जातच नाहीत. पण पुतण्या स्लॅपमध्ये जी खालून बोट घालून उपटतो, आणि फार खालच्या तारेखाली बोट शिरत नाही.

तारा चढल्याने पिकअपपासूनचं अंतर वाढलं आणि आवाज थोडा पडला. पिकअप तेवढेच वर घेतले, जाड बाजू बारीक बाजूपेक्षा खाली. चुंबक तारेच्या फार जवळ आला तर तो तारेला ओढतो आणि सूर हेलकावे खातो, म्हणून तिथेही घाई केली नाही. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर जुळवून सॅडल मागे-पुढे केली. हे नेहमी सगळ्यात शेवटी, कारण उंची बदलली की हेही बदलतं.

पुढे

गणपतीत काकांनी त्याच उंचीवर वाजवलं. एका मंडळात ई तार दोनदा कडकडली, शेवटच्या गाण्यात, जेव्हा मॉनिटर पूर्ण गेला होता. त्या जोराला २.८ नेही दाद दिली असती की नाही, शंकाच आहे. पुतण्याला एफचा त्रास उरला नाही. सतराव्या फ्रेटच्या वर २.३ त्याला अजूनही उंच वाटतं, आणि त्याच्या हातापुरतं ते खरं आहे. १.८ च त्याची उंची आहे. एका बासवर दोन उंच्या बसत नाहीत, आणि पोटापाण्याचं वाजवणं ज्याचं, त्याच्या बाजूने मी निवड केली. दोघांचं वाजवणं हौसेचं असतं तर मी २.१ वर थांबलो असतो.

हिवाळ्यात हवा कोरडी झाल्यावर बास पुन्हा मागवला. बाक ०.४५ झाला होता, म्हणजे रोझवूडने ओल सोडली. रॉड पाव फेऱ्याहून कमी आवळल्यावर ०.३ आला आणि सॅडलला हात न लावता सतराव्यावर २.३ परत मिळालं. पावसाच्या तोंडाला आणि दिवाळीनंतर, एवढंच त्यांना करायला सांगितलं आहे, आणि ते करायला पुतण्याला शिकवलं आहे. एलन की तशी त्याच्याकडे आहेच. फिलर गेज त्याने उद्यमनगरातून स्वतः आणला.

तो आता स्वतःसाठी जुना बास शोधतोय. त्यावर ई तार १.८ वर लावू आणि खालच्या डीची दोन गाणी काकांच्या बासवर वाजवायची, असं ठरलंय.